दसऱ्याची चमकी

मी दहावी दोनदा नापास. बहिणीने कागद भरले म्हणून अमेरिकेत आलो. नेपरव्हिलमध्ये आपली माणसं कॉम्प्युटरवर कामं करतात, मी त्यांची गवत कापायची मशीनं आणि बर्फावर चालायच्या गाड्या दुरुस्त करतो. कुणी विचारलं तर बायको सांगते, "हे इंजिनमध्ये आहेत." खोटं नाही ते.

डॉक्टरकाका माझं पहिलं गिऱ्हाईक. रिटायर्ड सर्जन, मूळचे नागपूरचे. उत्तरेला तळ्याकाठी त्यांचं केबिन आहे, तिथे ते एकटेच स्नोमोबील चालवतात. दसऱ्याला ती गाडी सर्व्हिसला माझ्याकडे होती. मी पान्यांबरोबर तिचीही पूजा केली. हळदकुंकू, झेंडू, वर इंडियन स्टोअरमधली सोनेरी चमकी उधळली. फक्त ऑइलच्या टाकीचं झाकण तेव्हा लावलेलं होतं की उघडं, ते नंतर काही केल्या आठवेना.

जानेवारीत काका गाडी घेऊन आले. "काय रे, आवाज जरा वेगळा येतोय का?"

मी कान लावला. काही कळलं नाही, पण डॉक्टरसारखी मान हलवली. ऑइल ट्रेमध्ये काढलं, तर आत सोनेरी कण लकाकत होते.

घाबरलो. गाडीसाठी नाही, स्वतःच्या अब्रूसाठी. लोहचुंबक फिरवलं. एक कण चिकटला नाही. म्हणजे लोखंड नाही, म्हणजे माझीच चमकी. खात्रीसाठी ऑइलचा फिल्टर कापून, आतला कागद उलगडून बघायचा असतो, एवढं मला येत होतं. पण काका समोर बसलेले. दसऱ्याचा प्रताप बाहेर आला असता आणि महाराष्ट्र मंडळात वर्षभर हसं झालं असतं. मी गुपचूप नवा फिल्टर लावला, जुना बादलीत टाकला.

"निघालं का काही?"

"काही नाही काका. बिनधास्त जा."

शनिवारी गोठलेल्या तळ्याच्या मधोमध इंजिन जाम झालं. काकांनी हातमोजा काढून खटपट केली, मग मोजा वाऱ्याने उडाला. बर्फाला भोक पाडून मासे धरायला आलेल्या एका माणसाने त्यांना तास-दीड तासाने उचललं. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं थंडीने काळी पडली, कापावी लागली. सर्जनच्या हाताची.

मी बादलीतून तो फिल्टर शोधला, कापला. कागदाच्या घडीघडीत सोनेरी पापुद्रे. एक लायटरवर धरला. प्लास्टिकची चमकी असती तर वितळली असती. हा तसाच राहिला. इंजिनातल्या झिजलेल्या बेअरिंगचं ब्राँझ होतं ते, चुंबकाला कधीच न चिकटणारं. गाडी सांगत होती, मी ऐकलं नव्हतं.

दवाखान्यात जाऊन सगळं सांगितलं, चमकीसकट. काका म्हणाले, "गधड्या, विचारायचं तरी." बास. शिव्या घातल्या असत्या तर झोप लागली असती.

तेव्हापासून वरणावर तुपाचा थेंब चमकला तरी माझा घास अडतो. बायकोने सोनेरी काठाची साडी नेसली की मी दुसरीकडे बघतो. तिला वाटतं, प्रेम आटलं.

या हिवाळ्यात काका परत आले. इंजिन दुसऱ्या दुकानातून नवं करून घेतलेलं. "थोडी चालवलीय. बघ आणि सांग."

मी त्यांच्यासमोर फिल्टर कापला. कागद उलगडून उन्हात धरला, पांढऱ्या फडक्यावर पिळला. स्वच्छ. परत बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं. 'काही नाही' हे दोन शब्द तोंडातून निघेनात.

"चावी दे," त्यांनी हात पुढे केला. तोच हात.

"मी पण येतो."

"तू? तुला पार्किंगमध्ये थंडी वाजते."

तरी त्यांच्याबरोबर केबिनवर गेलो. तिथे गाडीवर त्यांच्या मागे बसलो, अख्खा रस्ता कान इंजिनाकडे. तळ्याच्या मधोमध काकांनी गाडी बंद केली. सगळीकडे पांढरं, कुठे चिटपाखरू नाही.

"इथेच," ते म्हणाले. मग बाजूला सरकले. "आता तू सुरू कर."

मी चावी फिरवली. इंजिन लागलं. आणि मला स्पष्ट ठकठक ऐकू आली.

"काका, आवाज येतोय."

त्यांनी मान वाकवून नीट ऐकलं. "दात आहेत तुझे," म्हणाले.

मी तोंड घट्ट मिटलं. तरी मला आवाज येतच होता.