पारूबाई वाकत नाहीत

मी पारूबाईंच्या पाया पडलो आणि त्यांचं कुत्रं पळून गेलं.

एरवी मी फारसा कुणाच्या पाया पडत नाही. भोरच्या शाळेत तीस वर्षं मास्तरकी केल्यामुळे दुसऱ्यांनी आपल्या पाया पडायची सवय. पण राजगड उतरून पायथ्याच्या पालीत आलं आणि पारूबाईंच्या हातचं पिठलं पोटात गेलं की माणूस आपोआप वाकतो. तसा अंगणात वाकलो मात्र, पोत्यावर बसलेलं तांबडं कुत्रं किंचाळलं आणि दोरीवरची गोधडी अंगावर पाडून घेत बांधाकडे सुटलं. मी वाकलेलाच. आशीर्वादाचा हात काही डोक्यावर येईना.

"मास्तर, काय क्येलंत वो!" पारूबाई ओरडल्या.

त्यांची सून शेफाली चुलीपुढून धावत आली. "काका, वाकलात कशाला?"

"अगं, पाया पडलो!"

"त्याला काय ठावं पाया पडनं? मानूस वाकला की दगुड येतो, येवढंच शिकून आलंय त्ये," पारूबाई म्हणाल्या.

दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी ते गाडीतून आणून गडाच्या पायथ्याला सोडून गेलं होतं. मागचा पाय सुजलेला, पाठीवर वळ. राहील की जाईल, भरवसा नाही, म्हणून पारूबाईंनी नाव ठेवलं पावना. आणि त्या दिवसापासून ही बाई त्याच्यासमोर एकदाही वाकलेली नाही! चाळीस पावसाळे भातलावणीत वाकून काढलेली बाई! अंगण झाडतात ते बसून, पुढंपुढं सरकत. पळी पडली तर पायाच्या बोटांनी उचलतात. दिवाळीत जावई पाया पडायला आले, तर त्यांना म्हणाल्या, "लांबूनच हात जोडा." जावई रुसले, न जेवता गेले. एका कुत्र्यापायी जावई उपाशी! ऐकून मी गारच झालो.

"आन् आज सकाळीच," शेफाली रडवेली झाली, "पयल्यांदा उंबऱ्याच्या आत येऊन दूध प्यालं हुतं."

"शोधून आणतो," म्हणत मी 'यू यू' करत निघालो. पारूबाईंनी मागून शर्टच धरला.

"गप बसा. करवंदीच्या जाळीत लपलंय. मागं लागाल तर रानात शिरंल, अन् रानात बिबट्या हाय."

कापलेल्या भातखाचराच्या बांधावर त्या जाळीकडे पाठ करून बसल्या. भाकरीचा तुकडा मागे ठेवला. मीही बसायचं होतं, पण न वाकता! जांभळीच्या खोडाला पाठ लावून घसरत आलो; शेवटची वीतभर धरणीमातेनंच ओढून घेतलं.

माझी एसटी आली आणि गेली. मी चोरून मान वळवली की पारूबाई दटावत, "तिकडं बगू नगा."

बऱ्याच वेळानं मागे पाचोळा वाजला. पावना पोटावर सरपटत आला, भाकरी उचलली आणि पारूबाईंच्या पाठीला पाठ लावून बसला. त्यांनी सोडलेला श्वास मलाही ऐकू आला. माझ्यावर मात्र एक डोळा ठेवून तो थरथरतच होता.

"मावशी," मी हळूच म्हटलं, "त्याला समजावून सांगा ना, मी माणूस आहे म्हणून."

"म्हनून तर पळालं त्ये."