तीन महिन्यांची अट

आक्काबाई तिसगावच्या कॉलेजात शिपाई होत्या. मुलींच्या खोलीची किल्ली, पाण्याचा माठ आणि प्राचार्यांच्या अब्रूची राखण एवढी कामं त्यांच्याकडे होती. त्यांचा नातू जन्मापासून बहिरा. थोरली लेक सीमा पोटुशी असताना तिच्या अंगावर बारीक पुरळ उठलं, तीन दिवसांत गेलंही. नगरच्या डॉक्टरांनी मागाहून त्या पुरळाला रुबेला म्हटलं आणि पोराच्या बहिरेपणाचं कारणही तेच सांगितलं. तेव्हापासून हा शब्द आक्काबाईंना प्राचार्यांपेक्षा स्वच्छ म्हणता येई.

१९९७च्या मार्चमध्ये कॉलेजात रुबेलाच्या लसीचं शिबिर ठरलं. फलकावर सूचना लागली. तिची शेवटची ओळ अशी: लस घेतल्यावर तीन महिने गर्भधारणा टाळावी. दुसऱ्या दिवशी पालक हजर. लग्न न झालेल्या मुलींना असली ताकीद देणारं कॉलेज त्यांनी पाहिलं नव्हतं. प्राचार्य आप्पासाहेबांनी ती ओळ शाईने खोडली. ज्या मुलींनी वाचली नव्हती त्यांनीही मग फलकावरचा कागद काढून, उजेडात धरून ती वाचली. दोनशे मुलींमधून संमतीपत्र एकच आलं, आक्काबाईंच्या धाकट्या मोनिकाचं. ती शेवटच्या वर्षाला होती आणि एप्रिलात तिचं लग्न होतं.

होणारे व्याही, नवरदेव महेंद्रचे वडील कचरूराव, सोनईहून तातडीने आले.

"विहीनबाई, लगीन तोंडावर हाय. इंजेक्शन मागनं घेतलं तर?"

"मागनं घेऊन काय उपेग? सीमाचं पोर बघितलंय न्हवं तुमी?"

"पर तीन म्हैनं..."

"महेंद्रला सांगा, तीन म्हैनं दम धर म्हनावं. बापानंच सांगितलेलं बरं."

कचरूरावांनी चहा बशीत ओतला.

"न्हाईतर लगीन जुलैत करू," आक्काबाई म्हणाल्या.

"आषाढात? लोक काय म्हनतील?"

"आपन छप्पन साली दीक्षा घेतली तवाच मुहूर्त सोडला, पाव्हनं. तुमी परत कवा धरला?"

कचरूराव दर जयंतीला पंचांगाविरुद्ध भाषण करत. त्यांनी चहा संपवला आणि जुलै कबूल केला. महेंद्रशी बोलण्यापेक्षा आषाढ सोपा होता. मोनिकाने लस घेतली. मंगल कार्यालयही हवं त्या दिवशी मिळालं. आषाढात दुसरं कोण मागणार?

शिबिरामुळे परिसरात मोठी जागृती झाली, असं आप्पासाहेबांनी अहवालात लिहिलं. लाभार्थींच्या रकान्यात एक.

पुढच्या वर्षी मोनिकाला मुलगी झाली. आक्काबाईंनी पाळण्याच्या मागे जाऊन स्टीलचं ताट खाली टाकलं. पोर दचकली, रडली.

आक्काबाईंनी ताट उचललं आणि आणखी एकदा टाकलं.