भिंतीवरची उडी

वडसाच्या बसस्टँडवर बाबांनी माझी बॅग कुणालाच उचलू दिली नाही. उजवा गुडघा वाकत नसल्यामुळे ते पायरी डाव्या पायाने चढायचे आणि उजवा मागून ओढून घ्यायचे. तसेच ते नागपूरच्या एसटीत चढले, बॅग वर ठेवली आणि खाली उतरून माझ्या खिडकीपाशी येऊन उभे राहिले. मला हाँगकाँगच्या एका बँकेत कॉम्प्युटरचं काम मिळालं होतं. आमच्या घरातून नागपूरच्या पलीकडे राहायला गेलेलं तोवर कुणी नव्हतं. आई रडत होती. बाबा मात्र म्हणाले, "तिथीच तो पिच्चर बनला न बाई. कोणी जुना माणूस भेटला तं विचारजो, तो भिंतीवर उडी कसा मारे."

तो पिच्चर म्हणजे सत्तरच्या दशकातला एक चिनी कुंगफूपट. बाबा विशीत असताना तो चंद्रपूरच्या टॉकीजमध्ये लागला होता. भाषा कळायची नाही, तरी बाबांनी तो अकरा वेळा पाहिला. त्यात शेवटी नायक शत्रूंच्या घोळक्यातून सुटतो आणि उभ्या जागेवरून उडी घेऊन दोन पुरुष उंचीच्या भिंतीवर जाऊन उभा राहतो. ना शिडी, ना दोर.

बाबा तेव्हा झाडीपट्टीच्या नाटकात छोटी कामं करायचे. आमच्याकडे दिवाळी झाली, धान निघालं की गावोगावी नाटकं लागतात, आणि कंपन्या असतात वडसाला. त्या वर्षी बाबांनी मारामारीच्या प्रसंगात ते चिनी हात घातले आणि लोक वेडे झाले. गडचिरोलीकडच्या गावांतून "तो चायनावाला पाठवा" असे निरोप यायचे. उडी तेवढी जमत नव्हती. ती जमावी म्हणून त्यांनी आमच्या आंगणात खड्डा खणला. रोज सकाळी त्यात उतरायचं आणि हात न लावता उडी मारून वर यायचं. दर आठवड्याला खड्डा चार बोटं खोल करायचा. लोक हसायचे. पण खड्डा कमरेपर्यंत आला तेव्हा बघायला गर्दी व्हायला लागली.

मग एका दुपारी राइस मिलच्या मागे तालीम चालू असताना त्यांनी मिलच्या भिंतीवर उडी घेतली. हात वरच्या विटेला लागला, वीट सुटली. गुडघा असा फिरला की ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी नुसतं प्लास्टर घातलं आणि देवाचं नाव घ्या म्हणाले. त्यानंतर बाबा रंगमंचावर कधी उभे राहिले नाहीत. खुर्चीवर बसून दुसऱ्यांना फाइट शिकवायचे. झाडीपट्टीतले दोन पिढ्यांचे नट त्यांना मास्तर म्हणतात.

मला हे सगळं आईने सांगितलेलं. बाबा स्वतः त्या दिवसाबद्दल एकच वाक्य बोलायचे, "मेहनत कमी पडली माही." आणि म्हणून ती मेहनत त्यांनी सोडली नाही. खड्डा बुजवला, पण मी लहानाची मोठी झाले तरी रोज सकाळी ते आंगणात यायचे, डावा पाय वाकवून, उजवा सरळ पुढे काढून घोड्यावर बसल्यासारखे ठाकायचे, आणि हवेत शंभर ठोसे मारायचे. सत्तरीतही.

हाँगकाँगला मी एकोणिसाव्या मजल्यावर राहते. खिडकीतून समोरच्या खिडक्या दिसतात. पहिल्या वर्षी मी त्या पिच्चरचं शूटिंग झालेली जागा शोधत गेले होते. तिथे आता इमारतीच इमारती आहेत. फोटो काढून पाठवला. बाबांना वाटलं चुकीच्या जागी गेली.

जुना माणूस मात्र दाराशीच होता. आमच्या इमारतीचे वॉचमन, लाम. सत्तरीच्या पुढचे, कमरेत वाकलेले. एका रविवारी लिफ्ट बंद होती म्हणून त्यांच्याशी बोलत खाली बसले आणि बाबांच्या पिच्चरचं नाव काढलं. ते हसले. मोडक्या इंग्रजीत म्हणाले, त्यात मी आहे. सहा वेळा मेलो.

त्यांनी सगळं सांगितलं. शूटिंग मुकंच व्हायचं, आवाज नंतर भरायचे. ठोशांचे आवाज म्हणजे ओल्या गोणपाटावर मारलेली वेताची छडी. पडायला खाली पुठ्ठ्याची खोकी आणि जुन्या गाद्या. मी उडीचं विचारलं. ते म्हणाले, वर कुणीच उडी मारली नाही. नायकाचे कपडे घालून मी भिंतीवरून पाठमोरा खाली उडी मारली, आणि ती फिल्म त्यांनी उलटी चालवली. तीन वेळा मारावी लागली. तिसऱ्या वेळी कंबर गेली.

मी तडक वर आले, एकोणीस मजले जिना चढून, आणि वडसाला फोन लावला. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे दूर गेले त्यांना ही घाई माहीत असेल. आपल्याला वाटतं, इतक्या वर्षांनी घरी देण्यासारखं काहीतरी खरंखुरं हाती लागलं. मला वाटलं, बाबांवरचं ओझं उतरेल. मेहनत कमी पडली नव्हती बाबा, म्हटलं. ती उडी कुणालाच जमली नसती. ती नव्हतीच.

बाबांनी विचारलं, "त्या माणसाचं नाव होतं का पडद्यावर?"

नव्हतं, मी म्हटलं. ते "बरं" म्हणाले, जेवली का विचारलं, आणि फोन आईकडे दिला. मला वाटलं, झालं. चांगलं झालं.

त्याच वर्षी हिवाळ्यात ते गेले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. मी तिसऱ्या दिवशी पोचले. तोवर सगळं उरकलं होतं. झाडीपट्टीची मंडळी चालू सीझनमधून येऊन गेली होती. पाहुणे पांगल्यावर आई माझ्याजवळ बसली. तिने सांगितलं की त्या फोननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आंगणात गेले, थोडा वेळ उभे राहिले आणि परत येऊन बाजेवर बसले. त्यानंतर एकदाही ते ठाकले नाहीत. तिने काऊन म्हणून विचारलं तर म्हणाले, आता कायच्यासाठी?

मी विचारलं, मी सांगायला नको होतं का?

आई म्हणाली, "तू खोटं नाई बोलली. पण इथी बसून सांगतली असती तं बाबाचं तोंड दिसलं असतं तुले. मंग तूच थांबली असती."

लाम काकांना मी बाबा गेल्याचं सांगितलं, बाकीचं नाही. आईशी रोज बोलते. भाजीचं, पावसाचं, शेजारच्यांचं. मोठं काही असलं तर फोनवर सांगत नाही. सुट्टी मिळेपर्यंत ते जवळ ठेवते, मग विमान, मग नागपूर, मग एसटी, आणि आईच्या समोर पाट ओढून बसते. घर म्हणजे आता माझ्यासाठी तेवढंच उरलं आहे. जिथे बोलण्याआधी समोरचं तोंड बघता येतं, ती जागा. कधी कधी तिथे बसल्यावर, आणलेलं न सांगताच परत येते.