टिटवीच्या नावावर

कृष्णेच्या पात्रात आमच्या गावासमोर एक बेट आहे. बेट कसलं, गाळानं नदीला आलेलं टेंगूळच. दर पुरात थोडं वाहून जातं, थोडं नवं येऊन बसतं. पूल नव्हता तेव्हा दोन्ही तीरांच्या नावा तिथंच टेकायच्या. शेजारच्या गोमटेशच्या आज्यानं तिथं कलिंगडं पिकवली. आता नुसती वाळुंजाची झाडं, गुडघाभर गवत, आणि एकच नाव उरली, आकारामची. गवतासाठी गाव म्हसरं तिथं नेऊन बांधतं.

उन्हाळ्यात टिटवी कुठं अंडी घालते ते बघून यायचं कामही आकारामचंच. उंचवट्यावर घातली तर पूर, पाण्यालगत घातली तर भ्यायचं कारण नाही. कॉलेजात जाणाऱ्या जयराजच्या मोबाइलात पाऊस दिसतो, पण म्हसरं कुठं बांधायची हे गाव आकारामलाच विचारायचं. त्यामुळं गडी जरा ताठच चालायचा.

मागच्या वर्षी जावयानं नवी गाडी घेतली. तिच्यात बसून आकाराम औंधच्या यमाईला गेला, अन् बेट बघायचं राहिलं. परतला तर पारावर माणसं वाट बघत होती. "न्हाई बघितली" म्हणायला जीभ रेटेना.

"खाली हाईत, पाण्यालगत," म्हणाला.

श्रावणात भरदुपारी पाणी चढलं. नाव घालायची सोय राहिली नाही. धोंडुबाईचं घर एका म्हशीवर चालायचं. आकारामच्या शब्दावर बेटावर बांधलेली ती गाभण म्हैस दाव्यासकट गेली. आकाराम काठावरून बघत राहिला.

धोंडुबाईनं त्याला एक शब्द लावला नाही. "आवं भावजी, तुमचा काय दोस? पाखराची जातच लबाड," म्हणाली, वर चहा पाजला.  गाव वर्षभर टिटवीला शिव्या घालत होतं, अन् हा खाली मान घालून ऐकत होता.

यंदा उन्हाळ्यात धोंडुबाई आपणहून नावेत चढली. बेटावर खड्यांत खड्यांसारखीच ठिपक्यांची अंडी होती. डोक्यावर टिटवी ओरडून जीव काढत होती. धोंडुबाईनं पाय उचलला.

"चेंगरतेच लबाडीनीला!"

"नगा, वैनी!" आकारामचा आवाज चिरकला. "ती न्हाई लबाड. मी बघाया गेलोच न्हवतो. जावयाच्या गाडीतनं औंधला गेलतो."

तिनं पाय बाजूला ठेवला.

"वरीसभर माझ्या दारात चा पीत बसलासा. तवा कुठं गेलतं त्वांड?"

त्यानं नाव पाण्यात ढकलली. परतताना ती पाठ करून बसली. मध्यावर आल्यावर, न वळताच म्हणाली, "मी न्हाई कुणाला सांगायची. तुमीच सांगायचं. पारावर, सगळ्यांदेखत."

नाव काठाला लागली. पारावर माणसं अंडी कुठं आहेत ते ऐकायला बसलीच होती. आकारामनं वल्हं आत ठेवलं, टोपी काढून हातात घेतली आणि चढ चढायला लागला.