शून्यावरची खूण

अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत ते हवेतला, कुणालाही न दिसणारा धागा धरायचे, हलकेच ओढून बघायचे आणि म्हणायचे, "ताण बघ, बाबा. आधी ताण बघ." चहा बिघडला तरी हेच, ऑफिसातल्या मॅडम बिघडल्या तरी हेच. आणि मंडळी, धरायचे अशा ऐटीत, की तिथे धागा नाही यावर आपलाच विश्वास बसू नये.

आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. तीस वर्षं नारपोलीत कापडाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम, यंत्रमाग, ताळ्यावर आणणारा माणूस. खटखटाटात कान गेले, मग शेठने लूमही भंगारात काढले. तेव्हा ते राहनाळला आमच्या गोदामात आले. ऑनलाइन मागवलेला माल इथून जातो आणि मोडका पोचला की तक्रार इथे येते. उत्तर एआय लिहितो. ते वाचून पुढे सोडायचं काम आम्हा दोघांचं.

पडद्यावर एक सरकपट्टी आहे, टेम्परेचर नावाची. शून्यापासून एकापर्यंत. ती मी चाचांना उभं राहून, हातवारे करून समजावली, कारण साधं सांगणं माझ्या रक्तात नाही.

"चाचा, हा एकेक शब्द निवडत पुढे जातो. दर वेळी समोर शब्दांची रांग. शून्यावर ठेवला की रांगेतला पहिलाच उचलणार. म्हणून त्याच प्रश्नाला बहुतेक तेच उत्तर. पट्टी वर नेली की मागच्यांचाही नंबर लागतो. मग दर वेळी नवं उत्तर. कधी झकास, कधी भलतंच."

"म्हंजे तुझ्यासारखा," चाचा म्हणाले. "परवा तुझ्या गोष्टीत सासऱ्याचा बैल विहिरीत पडला, काल सासराच पडला."

तेव्हा पट्टी शून्यावर असायची. एका बाईंनी फुटक्या मिक्सरबद्दल तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा काना-मात्रेसकट तीच माफी गेली. बाईंनी विचारलं, "तिकडे माणूस आहे का कुणी?" चाचांना ते लागलं. त्यांनी पट्टी सरळ दुसऱ्या टोकाला नेली. एआयने लिहिलं, की तुमच्या मिक्सरचा शेवटचा सूर आमच्याही काळजात घुमतो आहे आणि आमचे मालक स्वतः मिठाई घेऊन तुमच्या दारी येतील.

"क्या बात हाय! दिल से लिवलाय," म्हणत चाचांनी ते पुढे सोडलं. बाई आठ दिवस घर आवरून मालकांची वाट बघत बसल्या. नवव्या दिवशी त्यांची तक्रार आली आणि मॅडमचा आवाज चाचांनासुद्धा ऐकू गेला.

दुसऱ्या दिवशी ते खडू घेऊन आले. लूमवर धाग्यांचा ताण धरणारं वजन नेमकं बसलं की जॉबर तिथे खडूने खूण करतो, म्हणजे पुढच्या शिफ्टवाल्याने उगाच हलवू नये. चाचांनी पट्टी सरकवून सरकवून पंचवीस उत्तरं वाचली आणि मॉनिटरच्या काळ्या कडेवर, शून्याच्या जरा पुढे, निळी रेघ ओढली. मग थेट शून्याखाली आणखी एक.

"ही कशाला?"

"ती घरची."

घरचं आम्हाला सगळं माहीत होतं. रोज एक वाजून दहा मिनिटांनी चाचांचा फोन वाजायचा, आणि कानांमुळे तो स्पीकरवरच असायचा. पलीकडे चाची. प्रश्न एकच. "सलीम कवा येल?"

सलीम त्यांचा एकुलता एक. चार वर्षांपूर्वी बायपासवर कंटेनरखाली गेला. चाचींच्या डोक्यात ते टिकत नाही. आधी चाचा खरं सांगायचे. मग दर दुपारी तिचा पोरगा नव्याने मरायचा आणि तो आक्रोश आम्ही डबे उघडे ठेवून ऐकायचो. पुढे चाचा गोष्टी रचू लागले. कधी सलीम कुवेतला, कधी सुरतेला सूत आणायला. चाचींना गोष्ट आठवायची नाही, पण संशय मागे उरायचा. "काल तर तुमी दुसराच काय बोल्लात! काय लपवताय माज्यापासून?" एकदा त्या अनवाणी बायपासपर्यंत गेल्या, त्याला शोधायला.

दुसरी रेघ ओढली त्या दुपारी चाचा फोनवर एवढंच म्हणाले, "निघालाय. वाटेत हाय."

"बरं. भात झाकून ठेवते."

त्यानंतर रोज तेच. ना शब्द जास्त, ना कमी. बायपासची वाट चाचींनी पुन्हा धरली नाही.

मी एकदा म्हणालो, "पण चाचा, हे खरं कुठंय?"

"तुजा एआय शून्यावर खरं बोलतो काय? खोटं असलं तर रोज तेच खोटं बोलतो. मी पन तेच करतो." त्यांनी चिमूट धरली. या वेळी ओढली नाही. "तिला झोप लागते, बाबा."

मागच्या हिवाळ्यात छातीत दुखू लागलं म्हणून ते अ‍ॅडमिट व्हायला निघाले. जाताना फोन माझ्या टेबलावर ठेवला. "दोन दिवस तू उचल. आनि ताण बघ. तुजा नाटक नको."

दोन दिवस मी उचलला. ऑफिसातला माणूस समजून चाचींनी मलाही सलीमचंच विचारलं. तिसऱ्या दिवशी मी चाचांच्या जनाज्यामागून चालत कब्रस्तानात गेलो. परतताना त्यांच्या घरी मी फोन पुढे केला, तर त्यांची सून, सलीमची बायको, म्हणाली, "भाऊ, तुमच्याकडंच राहू द्या. त्या टायमाला कोनी उचलला न्हाय तर अम्मी बाहेर पळतील."

चौथ्या दिवशी एक दहाला फोन वाजला. सलीमचं नावच नाही.

"त्ये कवा येतील?"

मंडळी, दहा गोष्टी जिभेवर नाचून गेल्या. मॅडमनी थांबवलंय, मुंबईला मिटिंग आहे, रस्त्यात ट्रेलर उलटलाय. एकाहून एक सरस.

"निघालेत," मी म्हणालो. "वाटेत हायत."

"बरं. भात झाकून ठेवते."

यंदा गोदामात नवे मॉनिटर आले. जुना मी भांडून ठेवून घेतला आणि साफसफाईच्या मावशींना ताकीद दिली, की फडका मारायचा तो फक्त काचेवर. रोज एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजतो. मी आधी शून्याखालच्या निळ्या रेघेकडे बघतो, चिमटीत हवा धरतो. मग उचलतो.