सावली घालवण्याचा खटाटोप

हिंजवडीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचो, म्हणून शनिवार-रविवार हाताला लाकूड लागलं की बरं वाटायचं. गाडी रस्त्यावर काढून मी गॅरेजात सुतारकाम मांडलं. तिथे एकच ट्यूब, तीही नेमकी माझ्या पाठीमागे. करवत चालवायची तिथेच माझ्या डोक्याची सावली. वैताग नुसता! मग विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून आणखी तीन ट्यूब आणल्या. टेबलावर पेन्सिल उभी धरायची, तिची सावली बघायची आणि ट्यूब थोडी सरकवायची, हा उद्योग बरेच रविवार चालला. शिडी बायको धरायची. अखेर पेन्सिलीला सावलीच उरली नाही.

त्या लखलखाटात मी टीपॉय घासून गुळगुळीत केला. संध्याकाळी पॉलिशचा डबा उघडला आणि लाइट गेले. लोडशेडिंगचे दिवस होते. बायकोने बॅटरी आणून टीपॉयवर आडवी ठेवली, तर सगळ्या लाकडावर ओरखडेच ओरखडे! बॅटरी वर उचलून धरली, ओरखडे गायब. पुन्हा आडवी ठेवली, हजर. लाइट आले आणि टीपॉय परत गुळगुळीत दिसायला लागला. ओरखडा दिसतो तो त्याच्या इवल्याशा सावलीमुळे, आणि सावल्या तर मी हौसेने घालवल्या होत्या.

मी उठून चारही ट्यूब बंद केल्या, बॅटरी आडवी ठेवली आणि पुन्हा घासायला बसलो.

"अहो," अंधारातून बायको म्हणाली, "एवढा अंधार तर आपल्याकडे आधीपासून होताच की."