अकरावा फर्मा

रामभाऊ ओव्हाळांनी आयुष्यात एकच भुताची कादंबरी लिहिली, आणि तीही भूत नसतं हे सांगायला. ती वाचून अर्ध्या कर्जत तालुक्याची भूत असतंच अशी खात्री पटली. करायला गेलो गणपती नि झाला मारुती म्हणतात, त्यातला प्रकार. फक्त इथे मारुती लोकांना इतका आवडला की गणपतीचं नाव काढायची रामभाऊंचीच हिंमत होईना.

रामभाऊ म्हणजे साधा माणूस. तेहतीस वर्षं तहसील कचेरीत आवक-जावक टेबलावर बसले, निवृत्त झाले आणि पळसदरीला घर बांधून राहिले. मुलगा प्रबुद्ध नेरळच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि सुटीच्या दिवशी गावोगाव जाऊन बुवाबाजीचे चमत्कार उघडे करून दाखवतो. पाण्यावर दिवा पेटवणं, लिंबातून रक्त काढणं, सगळं त्याच्या पिशवीत तयार. सून मेघा ग्रामपंचायतीत डेटा ऑपरेटर आहे. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, आणि अंगारा, गंडा, दोरा यांना उंबऱ्याबाहेरही जागा नाही. अशा घरातल्या माणसाने भुताच्या वाटेला जावं याला कारण होतं त्यांची थोरली बहीण चंद्राबाई.

चंद्राबाई चौकच्या पुढे एका वाडीत राहते, वय अठ्ठ्याहत्तर. आई गेली तेव्हा रामभाऊ चार वर्षांचे होते. त्यांना कडेवर घेऊन या बहिणीने गवताचे भारे विकले आणि भावाला मॅट्रिक केलं. त्यामुळे रामभाऊंना जगात कोणाची भीती वाटत असेल तर तिची, आणि जीव कोणावर असेल तर तोही तिच्यावर. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की पावसाळ्याआधी एक डोळा तरी करून घ्या, नाहीतर आत दाब वाढेल आणि कायमचा अंधार होईल. पनवेलच्या शिबिरात तारीखही मिळाली, जूनचा पहिला गुरुवार. पण वाडीजवळ एक बाबा बसायचा. त्याने सांगितलं, "डोळ्याला सुरी लावलीस का उजेड गेलाच समज." झालं. चंद्राबाईने बाबाचा काळा दोरा मनगटाला बांधला आणि ऑपरेशनला नकार दिला.

प्रबुद्धने आत्याला पाण्यावर दिवा पेटवून दाखवला. आत्या म्हणाली, "तुझ्या पण अंगात कायतरी हाय रं." त्यानंतर प्रबुद्धने त्या घरी प्रात्यक्षिक बंद केलं.

मग रामभाऊंनी कादंबरी लिहायला घेतली. चंद्राबाईला, म्हणजे त्यांच्या आक्काला, गोष्टींचं वेड, आणि तिची नात सुप्रिया तिला रोज दुपारी काहीतरी वाचून दाखवायची. गोष्टीतून गेलं तर गळ्याखाली उतरेल, असा हिशोब. कादंबरीचं नाव ‘पाषाणपंथ’. डोंगरातल्या बंद बंगल्यात एक पंथ जमतो. सगळे भक्त डोळ्यांवर काळी पट्टी बांधून बसतात. त्यांचा अंगारबुवा सांगतो की डोळा हा माणसाचा पहिला शत्रू, आणि जो पट्टी सोडेल त्याला दगडातला पुरुष ओढून नेईल. दहाव्या प्रकरणाच्या शेवटी भागी नावाची नायिका पट्टी सोडते. समोर दगड श्वास घेत असतो, आणि मागचं दार आपोआप बंद होतं. अकराव्या प्रकरणात भागी धीर करून दगडामागे जाते. तिथे तिला रबरी नळी, सायकलचा पंप आणि घामाघूम झालेला बुवाचा मेव्हणा सापडतो.

भाषा मात्र कचेरीतली. ‘सदर प्रेत’, ‘उपरोक्त किंकाळी’, ‘तरी भागीने सत्वर पळून जावे’. मेघाने टाईप करताना दोनदा सुचवून पाहिलं, पण तेहतीस वर्षांची सवय सुनेच्या सांगण्याने जाते होय?

पुस्तक छापलं कर्जतच्या बाजारात, मनोजच्या छापखान्यात. मनोज लग्नपत्रिका छापण्यात पटाईत. त्याने आयुष्यात छापलेलं सर्वांत जाड पुस्तक म्हणजे सोसायटीचा वार्षिक अहवाल. सोळा पानांचा एक फर्मा, असे अकरा फर्मे ठरले. प्रकाशन विहाराच्या सभागृहात झालं आणि प्रती अर्धा तास आधी टेंपोतून आल्या. रामभाऊंनी मुखपृष्ठ पाहिलं, आपलं नाव पाहिलं, पुन्हा आपलं नाव पाहिलं, तेवढ्यात पाहुणे आले. शेवटचं पान उघडून बघायचं भान कुठल्या नव्या लेखकाला असतं?

चौथ्या दिवशी पहिला फोन आला. शेलूच्या नव्या टॉवरमध्ये राहणारा ऋषिकेश, बँकेत नोकरीला. "काका, काय शेवट केलाय! दार बंद होतं आणि पुस्तक संपतं. मी तीन दिवस घरात पाठीमागे बघत चालतोय." रामभाऊंना वाटलं, पोरगं शेवट वाचायच्या आधीच झोपलं असेल. मग समीक्षा नावाच्या मुलीने मोबाइलवर व्हिडिओ टाकला. त्यात ती म्हणाली की या लेखकाने वाचकाला उत्तर द्यायला ठाम नकार दिला आहे, आणि ‘सदर’ या शब्दाने अंगावर एवढा काटा आणणारा दुसरा लेखक तिने पाहिलेला नाही. व्हिडिओ हजारो लोकांनी बघितला. पळसदरी स्टेशनवरचा रिक्षावाला नवशा आणखी पुढे गेला. शनिवार-रविवारी धरणावर येणाऱ्या पाहुण्यांना तो एका बंद बंगल्यापर्यंत नेऊन "पंथ हितंच जमायचा" असं सांगू लागला. त्या बंगल्याचा मालक ठाण्याचा दंतवैद्य होता. एका रविवारी तो सहकुटुंब आला, तर फाटकाबाहेर चौदा माणसं मोबाइल उंचावून उभी. दार उघडताच ती किंचाळत पळाली आणि त्यांच्यामागे दंतवैद्याचं कुटुंबही पळालं.

विहारात मात्र वेगळीच प्रतिक्रिया. कमिटीचे अध्यक्ष वंदना झाल्यावर शांतपणे म्हणाले, "रामभाऊ, बावीस प्रतिज्ञा पाठ हायत ना? का परत घेऊया?" प्रबुद्धने पुस्तक वाचलं आणि दोन दिवस वडिलांशी बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बाबा, पंप कुठाय?"

"कसला पंप?"

"सायकलचा! मेघाने टाईप केलेला. तो पुस्तकात नाहीच."

रामभाऊंनी पुस्तक उघडलं. पान एकशे साठ, दार बंद. त्यानंतर थेट मागचं मुखपृष्ठ. तसेच चप्पल घालून ते कर्जतला गेले.

मनोजने कपाळावर हात मारला. "भाऊसाहेब, लग्नसराई होती हो. त्या आठवड्यात बाविशे पत्रिका निघाल्या. गठ्ठे बांधायला पोरांनी रद्दी समजून तुमचा अकरावा फर्मा घेतला असणार." म्हणजे भुताचा सगळा भांडाफोड तालुकाभर पत्रिकांच्या गठ्ठ्यांना गुंडाळून गेला होता. एकदोघा वरपित्यांनी तो वाचलाही असेल, पण तेवढ्यावरून कोणाला काय बोध होणार!

"पण एक सांगू का?" मनोज हळूच म्हणाला. "लोकांना असंच आवडलंय. शेलूवाले दुसरी आवृत्ती मागतायत. मी म्हणतो, राहू द्या की."

आणि रामभाऊंनी राहू दिलं. हे लपवण्यात अर्थ नाही. तेहतीस वर्षं ज्या माणसाने दुसऱ्यांच्या कागदावर शिक्के मारले, त्याला लोक एकदम ‘गूढकार’ म्हणायला लागले तर तो काय करील? प्रबुद्धला त्यांनी "बघतो" असं कचेरीतलं उत्तर दिलं आणि समीक्षाचा व्हिडिओ पुन्हा लावला. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी आक्काचा फोन आला.

"रामा, वाचून झालं रं सगळं. सुप्रियानं परवा संपवलं. लई भारी लिवलंस."

"आवडलं ना आक्का?" रामभाऊ फुलून आले.

"आवडलं म्हंजे! आता तू पण मान्य केलंस ना? त्या भागीनं डोळ्याची पट्टी सोडली नि दार लागलं. डोळ्याला हात लावायचाच नाय, बाबा बोलला तेच तू लिवलंस. तो गुरुवार नको मला. त्या डॉक्टरला कळव तसं."

ज्या बाईचे डोळे वाचावेत म्हणून हा सगळा खटाटोप, तिचे डोळे आता रामभाऊंच्याच पुस्तकाने जाणार होते. गुरुवारला पाच दिवस उरले होते. त्यांना स्वतःची एवढी लाज पूर्वी कधीच वाटली नव्हती, आणि त्यांनी ती मेघाला बोलूनही दाखवली. मेघाने अकरावं प्रकरण छापून सोळा कागद त्यांच्या हातात ठेवले.

दुपारी ते चंद्राबाईच्या पडवीत बसून मोठ्याने वाचत होते. नळी आली, पंप आला, घामाघूम मेव्हणा आला. सुप्रिया हसून हसून खाली बसली. चंद्राबाईच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"हे आता लिवलंस," ती म्हणाली.

"नाही गं आक्का, हे आधीचंच आहे. छापखान्यात राहिलं."

"सुट्या कागदावर काय बी लिवता येतं. पुस्तकात असतं तर शिवलेलं असतं."

आवक-जावक टेबलावर हयात घालवलेल्या माणसाला हा मुद्दा खोडता येईना. जावक क्रमांक नसलेला कागद त्यांनी तरी कधी खरा मानला होता? दुसऱ्या दिवशी त्यांनी मनोजला दुकानाचं शटर लावून बसवलं. एका प्रतीची शिवण उसवली, अकरावा फर्मा छापला, आत घातला आणि पुस्तक पुन्हा शिवून घेतलं. मनोज म्हणाला, एका प्रतीसाठी एवढा कुटाणा त्याने स्वतःच्या लग्नपत्रिकेसाठीही केला नव्हता.

सोमवारी रामभाऊ पुन्हा वाडीवर. चंद्राबाईने पुस्तक हातात घेतलं, पाठीवरून बोट फिरवलं, शिवण चाचपली. जाडी वाढली होती हे तिने कबूल केलं.

"वाच," ती सुप्रियाला म्हणाली. सुप्रियाने ती सोळा पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. म्हातारीने पुन्हा शिवण चाचपली.

"आता काय?" रामभाऊ रडकुंडीला आले.

"ही पोरगी तुझ्या बाजूची. परवापास्नं ऑपरेशन कर, ऑपरेशन कर म्हणून मागं लागलीय. तू लिवणारा, ही वाचणारी, दोगं एकीचे. मला आंधळीला काय कळतंय हितं पंप हाय का पाषाण?"

"आक्का, मी तुझ्याशी खोटं बोलेन?"

"बोलशील. माझ्या चांगल्यासाठी बोलशील. लहानपणी मी पण तुला बोलायची, आई गावाला गेलीय म्हणून."

चंद्राबाईने पुस्तक मांडीवर उघडलं, डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, लांब धरलं, उजेडाकडे वळवलं. पांढऱ्यावर करड्या रेघोट्या, बस. साक्षरता वर्गात पंचेचाळिशी उलटल्यावर ती अक्षरं शिकली होती, आणि शिकवायला होते खुद्द रामभाऊ. ती पुस्तक मिटून म्हणाली, "तूच शिकवलंस ना, सोता वाचल्याबिगर कागदाला हो म्हणायचं नाय? मग मी कशी म्हणू?"

"नको म्हणूस," रामभाऊ थकून म्हणाले.

"गुरुवारी किती वाजता निघायचं?"

रामभाऊंना आधी नीट कळलंच नाही. सुप्रियाला कळलं, ती पिशवी भरायला आत पळाली.

"हे बघ," चंद्राबाई म्हणाली, "मी बाबाचं बी ऐकत नाय नि तुझं बी ऐकत नाय. मला फक्त ती पानं बघायची हायत. खोटी निघाली ना, तर रामा, या घरात पाय ठेवायचा नाय."

गुरुवारी उजवा डोळा झाला. शुक्रवारी पट्टी निघाली. चंद्राबाईने पापण्या किलकिल्या केल्या, समोर उभ्या असलेल्या भावाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "किती म्हातारा झालास रं! मला कोणी सांगितलं पण नाय." रामभाऊ तिथेच, दवाखान्यातल्या सगळ्यांसमोर, लहान मुलासारखे रडले. नर्स पेशंटला सोडून त्यांनाच पाणी देऊ लागली.

डॉक्टरांनी महिनाभर वाचायचं नाही म्हणून सांगितलं. एकतिसाव्या दिवशी चंद्राबाई चष्मा लावून पडवीत बसली. बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक अक्षर जुळवत ती सोळा पानं वाचत होती. रामभाऊ समोर बसून होते. ऋषिकेश, समीक्षा, विहाराचे अध्यक्ष यांतल्या कोणाच्याही अभिप्रायाची त्यांनी अशी वाट पाहिली नव्हती. सोळा पानांना तिला अख्खी दुपार लागली.

तिने पुस्तक मिटलं. "पंप हाय," ती म्हणाली.

"मग? शेवट कसा वाटला?"

"भिकार. पहिला होता तोच झ्याक होता, निदान भ्या तरी वाटायचं. सायकलच्या पंपाला कोण घाबरतंय?" तिने चष्मा काढला, डावा डोळा पदराने पुसला आणि सुप्रियाला हाक मारली. "ये गं, त्या डॉक्टरला फोन लाव. या डोळ्याची तारीख कधीची देतोय विचार."